वेताळपंचविशी पुन्हा उघडताना: लहानपणीच्या अद्भुत पुस्तकातून आपल्या लेखनासाठी काय उचलावं, कसं उचलावं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

लिहायला बसलं की लहानपणी पारायणं केलेलं एखादं अद्भुत पुस्तक हमखास आठवतं. पहिला मोह होतो तो त्यातली भुतं, राजे, तलवारी उचलून आपल्या कथेत आणायचा, आणि हाती लागते मूळ पुस्तकाची फिकट नक्कल. या धाग्यात एकाच पुस्तकावर बोलू या: वेताळपंचविशी. मराठी वाचकाला ते कुठून ना कुठून भेटलेलं असतंच, बहुतेकांना चांदोबातून. मराठी चांदोबा १९५२ साली निघाला, आणि खांद्यावर प्रेत व हातात नंगी तलवार घेऊन चाललेला राजा हे चित्रकार शंकर यांचं चित्र डोळ्यांसमोर नाही असा त्या पिढ्यांमधला वाचक विरळा.

सुरुवात अशी करावी. पुस्तक बंद ठेवून वीस मिनिटं आठवेल ते लिहा. एक पान पुरे. मग पुस्तक उघडून ताडून बघा. काही गोष्टी बरोबर आठवलेल्या असतील, काही चुकीच्या, काही साफ निसटलेल्या असतील. बरोबर आठवलेल्यावर फार वेळ घालवू नका, ते सगळ्यांनाच आठवतं. चुकीचं आठवलेलं मात्र जपून ठेवा. तिथे तुमच्या मनाने नकळत नवं काहीतरी रचलंय आणि ते तुमचं आहे. निसटलेला भाग हा सगळ्यात चांगला कच्चा माल, कारण तो कुणीच वापरत नाही.

उदाहरणार्थ, बहुतेक जण "उज्जैनचा राजा विक्रम" असं लिहितील. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या अनंत राजाच्या सूर्यवती राणीसाठी सोमदेवाने जो कथासरित्सागर रचला, त्याच्या बाराव्या लंबकात, म्हणजे भागात, ही कथा येते, आणि तिथे राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन, गाव प्रतिष्ठान, गोदावरीच्या काठावरचं. म्हणजे आपलं पैठण.

आणि ते फळ. वेताळ आठवतो, फळ आठवत नाही. दहा वर्षं रोज एक भिक्षू दरबारात येतो, राजाला एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. राजा ते फळ बघतही नाही, बाजूच्या कोशाध्यक्षाकडे देतो. एके दिवशी पाळलेलं माकड रखवालदाराच्या हातून सुटून येतं, राजा सहज त्याला फळ देतो, माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. मग कोशागार उघडतात. खिडकीतून आत टाकलेली फळं केव्हाच कुजून गेलेली, आणि जमिनीवर रत्नांचा ढीग.

वेताळ यायच्या आधीच राजा दहा वर्षांच्या देण्याखाली आलाय, तेही स्वतःला न कळता. म्हणून भिक्षूने कृष्ण चतुर्दशीच्या रात्री मसणात बोलावलं तेव्हा तो नाही म्हणू शकत नाही. "नायक असलं वेडं धाडस का करतो?" हा प्रश्न आपल्या कथेत अडला की उत्तर त्या प्रसंगात शोधू नका, दहा वर्षं मागे जाऊन पेरा. आणि पेरताना ते फळासारखं दिसू द्या, रत्नासारखं नाही.

इतरांनी आपापल्या परीने भर घालावी. सल्ला नेमका द्यावा, "मनापासून लिहा" छापाचा नको.

शिंशपा

उत्तम धागा. फळानंतर ज्याच्याकडे बघायला हवं ते म्हणजे अट. सगळी पंचविशी तिच्यावर उभी आहे. राजाने झाडावरचं प्रेत न बोलता वडाखाली बसलेल्या भिक्षूपर्यंत न्यायचं, आणि प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगून कोडं घालतो.

उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, प्रेत परत झाडावर. दोन्हीकडून कात्री. सुटायची वाट एकच, उत्तर खरोखर माहीत नसणं. आणि राजा इतका शहाणा आहे की त्याला प्रत्येक वेळी उत्तर येतं. त्याचा सगळ्यात मोठा गुणच त्याचं काम होऊ देत नाही. तलवार, मसण, प्रेत काढून टाका, एवढी कात्री ठेवा, तरी कथा चालते.

आपल्यासाठी वापरायचं असेल तर एका ओळीत नायकाचा सगळ्यात चांगला गुण लिहा. तो गुण वापरला की हातचं काम पहिल्यापासून करावं लागेल अशी अट खाली लिहा. तिसऱ्या ओळीत, गुण असून वापरला नाही तर काय गमवावं लागेल ते लिहा. ही तिसरी ओळ नव्वद टक्के खर्ड्यांत नसते आणि नेमकी तिथेच कथा बसते.

कानामात्रा

थेट कामाचा प्रश्न विचारते. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी सहा गोष्टींची माळ करायची आहे. राजाऐवजी एसटीचा कंडक्टर. रात्रीची शेवटची मुक्कामी गाडी आहे. समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच तो कुठे उतरणार हे कंडक्टरला कळतं. प्रवासी गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो, आणि कंडक्टर उत्तर देऊन बसला की गाडी परत पहिल्या थांब्यावर. हे चालेल का? आणि मूळ चौकट दर वेळी किती लांब ठेवायची?

शिंशपा

कानामात्रा, कल्पना झकास आहे, पण तुमच्या कात्रीला एकच पातं आहे. कंडक्टर गप्प का बसत नाही? गप्प बसला की गाडी मुक्कामाला पोचली, गोष्ट संपली. दहा वर्षांचं पोरगंही हे विचारणार.

दुसरं असं की तुमच्याकडे दोन जादू झाल्यात, उतरायचं ठिकाण ओळखणं आणि कोड्यांची उत्तरं येणं. एकच ठेवा. प्रवाशाने गोष्ट सांगून विचारावं, "आता सांगा, मी खरं म्हणजे कुठे उतरायला हवं?" गोष्टीचा निवाडा हेच उतरायचं ठिकाण. आणि कळूनही कंडक्टर बोलला नाही, तर त्याच्या स्वतःच्या गावाचं नाव पाटीवरूनही पुसलं जाईल आणि त्याच्या डोक्यातूनही. मग तो कधीच उतरू शकणार नाही. झालं दुसरं पातं.

पाटीपेन्सिल

लांबीबद्दल. सहा गोष्टींची माळ असेल तर पहिल्या वेळी चौकटीला ३०० ते ३५० शब्द द्या, कारण तिथे अट समजावून सांगायची आहे. दुसऱ्या वेळेपासून ६० ते ८० पुरेत. आतली गोष्ट या वयासाठी ८०० ते १०००. कोडं दोन, फार तर तीन वाक्यांचं. उत्तर १०० शब्दांच्या आत. उत्तर लांबलं तर ते उत्तर राहत नाही, प्रवचन होतं.

चांदोबातली चौकट दर महिन्याला जवळपास तीच असायची, आणि ते योग्यच होतं, कारण मध्ये महिना गेलेला असायचा. वाचकाला पुन्हा मसणात नेऊन उभं करणं गरजेचं होतं. पण एकाच पुस्तकात सहा गोष्टी सलग वाचल्या जाणार असतील तर तोच मजकूर पुन्हा दिसला की मूल तेवढा भाग ओलांडून पुढे जातं. म्हणून दर फेरीला चौकटीतली एकच गोष्ट बदला. पहिल्या फेरीत गाडीत बारा प्रवासी, मग दहा, मग सात. किंवा एकेक दिवा जातोय. बाकी वाक्यं शक्यतो तीच ठेवा, म्हणजे बदललेली गोष्ट मुलांना स्वतःहून सापडते आणि ती सापडण्यात फार मजा असते.

आणि वेळेचा हिशेब कागदावर मांडा. मूळ कथेत एका रात्रीत चोवीस गोष्टी होतात. रात्र चार प्रहरांची, साधारण बारा तास. म्हणजे झाडापासून निघणं, गोष्ट, निवाडा आणि परत झाडापाशी येणं एवढ्याला जेमतेम अर्धा तास. याचा अर्थ झाड आणि वड यांच्यातलं अंतर फार नाही. राजाला पोचायला थोडंच उरलेलं असतं आणि दर वेळी तेवढ्यातच त्याचं तोंड उघडतं. हा हिशेब केल्यावर त्या चालण्याला वेगळाच ताण येतो.

अजून एक. कृष्ण चतुर्दशीला रात्रभर चंद्र नसतो. पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, पूर्वेला एक बारीक कोर वर येते. तरीही वेताळाच्या नव्या गोष्टींत पुष्कळ जण पूर्ण चंद्र टांगतात. तुमच्या गोष्टीची तिथी ठरवा आणि आकाश तिच्याप्रमाणे लिहा. शेवटच्या फेरीत ती कोर दिसली की वेळ संपत आल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

कानामात्रा

दुसरं पातं पटलं. सगळी मांडणी त्यावर पुन्हा करते. आता कोड्याबद्दल कुणी सांगेल का? सुचतात ती सगळी शाळेच्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखी होतात. प्रामाणिक मुलगा आणि अप्रामाणिक मुलगा, कोण चांगलं?

तिढा

त्यात तिढाच नाही, म्हणून तसं होतं. पंचविशीतलं दुसरं कोडं उकलून बघू.

मंदारवती नावाची मुलगी. तिला मागणी घालणारे तीन तरुण. लग्न ठरायच्या आधीच ती तापाने जाते. दहन होतं. एक तरुण तिच्या राखेवरच झोपडी बांधून राहतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा भटकत सुटतो आणि त्याला कुठेतरी मेलेल्याला उठवायचा मंत्र मिळतो. तिघं परत एकत्र येतात, राख आणि अस्थी एके ठिकाणी करून मंत्र म्हणतात, मुलगी उठते. ती कोणाची?

तिघांचा हक्क तीन वेगळ्या प्रकारांचा आहे. एकाने सहवास दिला, एकाने विधी केला, एकाने प्रत्यक्ष फळ मिळवून दिलं. आणि तिघंही नसते तर ती उठलीच नसती. राख नाही तर काही नाही, अस्थी नाहीत तर काही नाही, मंत्र नाही तर काही नाही. ही कोड्याची पहिली कसोटी: तिघांपैकी एकाला काढून बघा. काढूनही गोष्ट पुरी होत असेल तर तो जास्तीचा आहे.

राजाचा निवाडा तर फारच देखणा. वाचक मनात मोजत असतो की कोणी जास्त केलं. राजा ते मोजतच नाही. तो म्हणतो, जीव दिला तो बापाच्या ठिकाणी, अस्थी नेल्या तो मुलाच्या ठिकाणी, राखेला कवटाळून राहिला तोच नवरा. मोजायची पट्टीच बदलली. चांगल्या निवाड्याचं लक्षण हेच. आधीच्या पट्टीवर नुसता एक-दोन-तीन नंबर लावून दिला तर वाचकाला ते आधीच सुचलेलं असतं.

कंडक्टरसाठी एक नमुना. दुष्काळी गावात विहीर लागली. पाणाड्याने जागा दाखवली. एकाने आठ दिवस खणलं. एका मुलीने ते आठ दिवस आपल्या घरचा हंडा रिकामा करून खणणाऱ्याला पाणी पाजलं. पहिलं पाणी कोणाचं? पंचविशीत वीरवर नावाच्या सेवकाची गोष्ट आहे. तो राजासाठी पोटचा मुलगा बळी देतो, आणि तरी त्रिविक्रमसेन निवाडा देतो की मोठा त्या गोष्टीतला शूद्रक राजा, कारण सेवकाने धन्यासाठी प्राण देणं हे त्याचं व्रत, पण धनी सेवकासाठी प्राण द्यायला निघाला हे कोणी त्याच्यावर लादलेलं नव्हतं. तीच पट्टी विहिरीला लावा. दाखवणं हे पाणाड्याचं काम, खणणाऱ्याला मजुरी ठरलेली. मुलीला कुणी सांगितलं नव्हतं.

लिहून झालं की निवाडा झाकून पाच जणांना वाचायला द्या. पाचही जणांचं उत्तर एक आलं तर ते कोडं नाही, परीक्षेतला प्रश्न आहे. सगळे "सांगता येत नाही" म्हणाले तर गोष्टीत एखादा तपशील कमी पडलाय, बहुतेक वेळा कोणाला काय गमवावं लागलं हेच सांगायचं राहिलेलं असतं. मतं तीन-दोन किंवा दोन-दोन-एक पडली की समजायचं जमलं.

चैत्रपालवी

वा! मंदारवतीची उकल वाचनखूण करून ठेवली.

बृहत्कथा

तिढा यांच्या प्रतिसादाला जोडून, एकाच कोड्यावरून पुढे काय काय झालं ते बघण्यासारखं आहे. डोकी बदललेल्या माणसांची गोष्ट. सोमदेवाकडे धवल नावाचा परीट, त्याची बायको मदनसुंदरी आणि तिचा भाऊ अशी तिघं. देवीच्या देवळात आधी नवरा आपलं मस्तक अर्पण करतो, मग भाऊ. बायको जीव द्यायला निघते तेव्हा देवी दोघांना उठवायचं कबूल करते, पण घाईत बायकोच डोकी उलटीसुलटी लावते. नवरा कोण? राजा म्हणतो, सगळ्या अवयवांत मस्तक मुख्य, म्हणून नवऱ्याचं डोकं ज्या धडावर तो नवरा. संपलं.

थॉमस मान या जर्मन लेखकाने हाइन्‍रिख त्सिमर या प्राच्यविद्यापंडितामार्फत ही गोष्ट मिळाल्यावर १९४० साली तिच्यावर लघुकादंबरी लिहिली. गिरीश कार्नाडांचं कन्नड 'हयवदन' १९७१ चं, आणि विजया मेहतांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. दोघांनी केलेले बदल लेखकाच्या नजरेने मोजले तर फार थोडे आहेत, पण नेमके आहेत.

भावाच्या जागी मित्र. हा बदल काही जुन्या पाठांतही आहे, पण त्याने काय होतं बघा. भाऊ असेल तोवर कोडं निव्वळ तर्काचं राहतं. मित्र आला की बाईच्या मनात काय होतं हा प्रश्न उभा राहतो. डोक्यांची अदलाबदल चूक होती की इच्छा? नात्याचा एकच शब्द बदलला आणि कोड्याचं नाटक झालं.

दुसरा बदल त्याहून धीट. राजा जिथे थांबतो तिथून हे दोघं सुरुवात करतात. बरं, डोकं मुख्य म्हणालास ना, मग उद्या सकाळी काय? परवा? हळूहळू धडं डोक्यांच्या वळणावर जातात. बुद्धिमान डोक्याखालचं पिळदार शरीर सैल पडतं, दुसऱ्याचं पुन्हा घोटीव होतं. बाई जिथून निघाली तिथेच येऊन ठेपते. निवाडा बरोबर होता, आणि त्याने कुणाचंच भलं झालं नाही.

कार्नाड याशिवाय घोड्याचं डोकं असलेल्या हयवदनाची एक समांतर गोष्ट जोडतात. मित्रांच्या गोष्टीत दोन्ही अर्धे माणसांचेच आहेत. हयवदन तोच प्रश्न पशू आणि माणसापर्यंत नेतो.

म्हणून लहानपणीच्या पुस्तकातून गोष्ट घ्यायची तर पटलेली घेऊ नका. ज्या गोष्टीचा शेवट वाचून मनात "पण मग..." असं काहीतरी उरलं होतं ती घ्या. तो "पण मग" एका वाक्यात लिहिता आला की पहिला खर्डा सुरू करावा, त्याआधी नाही.

मठगाव

वेताळाबद्दलच कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पुस्तकातला वेताळ प्रेतात शिरलेला, झाडाला उलटा लटकलेला. पण कोकणात आणि गोव्यात वेताळ ग्रामदेव आहे. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवस फेडायला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळीचे घड वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून वाहिलेल्या चपला झिजतात अशी श्रद्धा. गोव्यात आमोण्यालाही बेताळाचं मोठं स्थान आहे.

लेखकाने यातली झिजलेली चपल धरावी. भुताचं वर्णन करायला बसलं की लाल डोळे, लांब नखं, बर्फासारखा हात हीच यादी येते. चपलेचा झिजलेला तळ दाखवला की देव रात्री किती चालला हे दिसतं आणि देव दाखवावाच लागत नाही.

आपल्याकडच्या भुतांची आणखी एक सोय म्हणजे ती नियमासकट येतात. मुंजा पिंपळावर राहतो, कारण मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुलगा. गिऱ्हा पाण्यात असतो. चकवा वाट चुकवतो, रात्रभर चालून माणूस त्याच जागी. कंडक्टरच्या गोष्टीत गाडी परत पहिल्या थांब्यावर येते तो उघड चकवाच आहे, कानामात्रांनी ठरवून केलं असो वा नसो. मग दुसरी भुतं भरू नका. एका गोष्टीत एक नियम, एक भूत. तीन आणली की वाचक नियम विसरतो आणि नियम विसरला की भीती गेली.

शिंशपा

मठगाव, चकव्याचं लक्षातच आलं नव्हतं. फार नेमकं.

तळटीप

भाषेबद्दल जरा वेगळं मत मांडतो. चांदोबाच्या भाषेवर वाढलेले लोक तशीच भाषा लिहायला जातात. छोटी वाक्यं, वर्णन जवळपास नाही, "एका गावात एक गरीब ब्राह्मण राहत होता." ती भाषा तिथे चालायची, कारण त्याच पानावर चित्र होतं. दागिने, वाड्याचे खांब, झाडाची मुळं, राजाच्या कपाळावरची आठी हे सगळं चित्रकाराने दाखवलेलं. मजकुराने फक्त घडलेलं सांगायचं. आपण तीच भाषा चित्राशिवाय लिहिली की पान रिकामं वाटतं आणि लेखकाला कळत नाही की काय कमी आहे. मग तो विशेषणं भरतो. भयाण, गूढ, किर्र, अथांग. त्याने आणखी बिघडतं.

उपाय पंचविशीतच आहे, आठव्या कोड्यात. तीन भाऊ, तिघंही अतिनाजूक. एक जेवणाच्या बाबतीत, एक स्त्रीच्या, एक बिछान्याच्या. पहिल्यापुढे राजवाड्यातलं पंचपक्वान्नाचं ताट येतं आणि तो नाक दाबून उठतो, भाताला चितेच्या धुराचा वास येतोय म्हणून. चौकशी होते तर तांदूळ खरंच गावच्या मसणाला लागून असलेल्या शेतातला निघतो. तिसऱ्याला सात गाद्यांखालचा एक केस टोचतो आणि कुशीवर वाकडा लाल वळ उठतो. राजा याच्या बाजूने निवाडा देतो, कारण बाकीच्या दोघांनी कुणाला विचारून घेतलं असणं शक्य आहे, वळ मात्र अंगावर दिसतो.

भाताला धुराचा वास. सगळ्या वाड्याचं वर्णन नाही, ताटातल्या पदार्थांची यादी नाही, एकच वास, आणि त्या वासातून शेत, मसण, धूर, सगळं गाव उभं राहतं. प्रत्येक प्रसंगात असा एकच तपशील ठेवा, आणि तो असा निवडा की त्यावरून पुढे काहीतरी घडेल. कंडक्टरच्या गाडीत डिझेलचा वास सगळेच लिहितील. त्याऐवजी तिकिटाच्या पैशांना हळदीचा वास येऊ द्या, त्यावरून ती बाई कुठून निघालीय हे कंडक्टरला कळू द्या.

तपासायची सोपी रीत: खर्ड्यातली सगळी विशेषणं पेन्सिलने खोडा आणि मोठ्याने वाचा. जिथे अर्थ अडला तिथलंच परत घाला. २०० शब्दांत सात-आठ तरी खोडलेलीच राहतील.

पाटीपेन्सिल

तळटीप, मोठ्याने वाचण्याला अनुमोदन. मुलांच्या गोष्टीत जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य तोडावं. फक्त सगळी वाक्यं सारखी आखूड करू नयेत, बाराखडी वाचल्यासारखं होतं.

नागमोडी

एक कायद्याचा प्रश्न. हे सगळं वापरून छापलं तर हक्कांचं काय?

बृहत्कथा

सोमदेवाचा मजकूर सगळ्यांचा आहे. त्याची कथा, पात्रं, कोडी खुशाल घ्या. पण आधुनिक मराठी अनुवादाची वाक्यं उचलू नका, अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो, निनावी मजकुराला प्रसिद्धीपासून ६० वर्षं. चांदोबाचं इथे खास जपायला हवं, कारण मूळच्या गोष्टी संपल्यावर त्यांनी पुढे कित्येक वर्षं वेताळाच्या नव्या गोष्टी लिहवून घेतल्या. "जुनी लोककथा आहे" असं समजून आठवणीतून लिहिलेली गोष्ट त्यातली असू शकते. सोमदेवाच्या चोवीस कोड्यांत ती सापडते का हे आधी बघा. नाही सापडली तर कोडं स्वतःचं रचा.

कानामात्रा

शेवटचा प्रश्न, शेवटाबद्दलच. सहावा प्रवासी. कंडक्टरला उत्तर येत नाही, तो गप्प राहतो, गाडी मुक्कामाला लागते. पण हे सपक वाटतंय. त्याला उत्तर आलं नाही हा त्याचा पराभव वाटतो.

तिढा

चोविसावं कोडं बघा. बाप आणि मुलगा रानात दोन पावलांच्या जोड्यांमागे जातात. मोठी पावलं आईची, लहान मुलीची असं धरून आधीच ठरवतात, मोठ्या पावलांची ती बापाची बायको, लहान पावलांची ती मुलाची. भेटल्यावर कळतं, मोठी पावलं मुलीची. शब्द दिलेला, त्याप्रमाणे लग्नं होतात. आता दोन्हीकडे मुलं झाली तर ती एकमेकांची कोण?

राजाला उत्तर येत नाही, कारण या कोड्याला उत्तर देणारा शब्दच नात्यांत नाही. उणीव भाषेची आहे, राजाची नव्हे. तो चालत राहतो. तुमच्या सहाव्या कोड्यातही तसंच हवं. उत्तर अवघड असून चालणार नाही, कुठल्याच थांब्याला ते नाव नसलं पाहिजे. उदाहरणार्थ, धरणाखाली गेलेल्या गावाचा माणूस. त्याने कुठे उतरायचं? कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून उभा राहतो. त्यात तो थांबाच नाही. मुलं हे गप्प राहणं चुकीचं समजणार नाहीत.

गोदाकाठ

तिढा, धरणाखालचं गाव घेतलं तर पहिल्या फेरीत पाटीवर एक खोडलेलं नाव दिसू द्यायला हवं. तेच तुमचं फळ. कुणी विचारू नये, कंडक्टरनेही नाही.

आणि कानामात्रा, गप्प राहिल्यावर गोष्ट संपत नाही हे विसरू नका. पंचविसावा भाग अजून उरतो. प्रसन्न झालेला वेताळ राजाला सांगतो की भिक्षू तुलाच बळी देणार आहे, साष्टांग नमस्कार घाल म्हणेल तेव्हा मान खाली जाईल. तू म्हण, मी राजा, आजवर सगळे माझ्यापुढेच वाकले, कसं वाकायचं ते आधी दाखवा. भिक्षू वाकून दाखवतो आणि राजा त्याचंच मस्तक उडवतो. ही युक्ती फक्त राजालाच शोभते. दुसऱ्या कुणी म्हटली तर खोटी वाटली असती.

तुमच्या कंडक्टरला त्याच्या कामातली युक्ती द्या. त्याला या फेरीवर पाठवणारा वाहतूक नियंत्रक मुक्कामाच्या थांब्यावर वाट बघत असेल, त्याला कंडक्टरला कायमचं गाडीत अडकवून स्वतः सुटायचं असेल. तो गाडीत चढून म्हणेल, "चला, मला सोडा." कंडक्टरने खाली उतरून, दारातून हात आत घालून एवढंच म्हणावं: "साहेब, तिकीट काढल्याशिवाय डबल बेल नाही. कुठे उतरणार सांगा." ठिकाण तोंडाने उच्चारलं की गाडी पहिल्या थांब्यावर, ही अट मुलांना पाच वेळा पाठ झालेली आहे. फक्त दुसऱ्या गोष्टीत कंडक्टरने एखाद्या बड्या माणसाला तिकिटाशिवाय बसू दिलं नाही असा प्रसंग टाका, शंभर शब्दांचा. तो नसेल तर हे वाक्य ऐनवेळी सुचल्यासारखं वाटेल.